अमरावती–अकोला: उड्डाणवेळ दहा मिनिटे

अमरावती ते अकोला हवाई अंतर सुमारे ८० किलोमीटर. ताशी पाचशेच्या वेगाने जाणारं एटीआर विमान ते दहा मिनिटांत कापेल. गणित चोख आहे. फक्त विमान पायजे.

समजा, ते मिळालं. पट्टा आवळेपर्यंत मूर्तिजापूर मागे पडणार आणि चहाची ढकलगाडी तिसऱ्या रांगेत पोचायच्या आत अकोला. पण त्यासाठी अमरावतीकराने आधी बेलोऱ्याच्या विमानतळावर जायचं, तासभर आधी पोचून बॅग तपासून घ्यायची, खर्ऱ्याच्या पुडीचा खुलासा करायचा आणि अकोल्याच्या शिवणी विमानतळावर उतरल्यावर ऑटोवाल्याशी घासाघीस करत गाव गाठायचं. दहा मिनिटांच्या उड्डाणासाठी अर्धा दिवस मोडला.

आणि उतरायचं कशावर? बेलोऱ्याचा विमानतळ १९९२चा. मुंबईचं पहिलं नियमित प्रवासी विमान तिथे टेकलं १६ एप्रिल २०२५ रोजी. शिवणी तर १९४३ची, इंग्रजांनी बांधलेली. तिची धावपट्टी १४०० मीटर. ती १८०० करायची मागणी एवढी जुनी, की निवेदन देणारे थकले आणि निवेदन घेणारे बदलले. अडत आलं ते जागेवर. शेजारची जमीन कृषी विद्यापीठाची. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे आणि त्यांच्या नावाचं हे विद्यापीठ अकोल्यात. दोन शहरांत भांडणाविना झालेली ही बहुधा एकमेव वाटणी. तिच्याच बांधाला विमान अडावं, याला वऱ्हाडी नशीब म्हणतात.

गंमत अशी, की याच दोन शहरांच्या मधल्या महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून झाला. गिनीज बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारचा, दहा दिवसांत जेमतेम २५ किलोमीटरचा. म्हणजे आमच्या माणसाने अरबाला हरवलं, तेही वऱ्हाडच्या जूनमध्ये, तापल्या डांबरावर उभं राहून. त्या वेगाने धावपट्टीचे उरलेले ४०० मीटर व्हायला ३४ मिनिटं पुरतात. धावपट्टी रुंद असते, कबूल. पाचपट धरा. तीन तासांच्या आत काम आटोपतं. पण डांबराला लागतं रोलर आणि जमिनीला लागते फाइल. फाइल पळवण्याचा विक्रम गिनीजवाल्यांनी अजून ठेवलेला नाही.

अमरावतीकरांना मात्र अकोल्याला चिडवायची संधी सोडवत नाही.

“भाऊ, आमच्या इथी विमान आलं. तुमचं काय?”

“आलं त आलं. रेल्वेच्या मेन लाइनवर आम्ही आहो. तुमची गाडी बडनेऱ्यालेच थांबते, पुढं फाटा धरा लागते.”

यावर अमरावतीकर गप्प बसतो, कारण तेवढं खरं आहे.

दोन्ही गावांच्या नेत्यांना एकच विनंती: पुढच्या निवडणुकीत अमरावती–अकोला विमानसेवेचं आश्वासन मात्र देऊ नका. लोक टाळ्या वाजवतील, आणि मग ऐंशी किलोमीटरसाठीही एक कृती समिती स्थापन करावी लागेल. अकोल्याच्या माणसाला मुंबईला उडायचं आहे, अमरावतीला नाही. तेवढे चारशे मीटर द्या.

बाकी ज्यांना आजच अकोल्याला जायचंय, त्यांनी बडनेरा गाठावं. एक्स्प्रेस गाडी साधारण तास-सव्वा तासात पोचवते.