आठ हजारचं रीळ

ऑकलंड, न्यूझीलंड
16 फेब्रुवारी 2025

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,


मध्यंतरी एका व्हिडिओ कॉलमध्ये यांच्या मागे भिंतीला टेकवलेली लांब काठी तुम्हाला दिसली. ‘पडद्याचा रॉड आहे,’ असं सांगून तुमच्या चिरंजीवांनी विषय बदलला. रॉड आहे हे खरं, पण पडद्याचा नाही. मासे धरायचा आहे. बाबा, तुम्ही दुसऱ्या दिवशी मला वेगळा फोन करून विचारलंत, ‘पोट्टा काय धंदे करून रायला तिकडं, खरं सांग.’ तेव्हा नीट सांगता आलं नाही, कारण हे शेजारीच बसून रीळ पुसत होते. पुढं तुम्हाला सगळं तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, म्हणून हे सविस्तर पत्र.

त्याचं असं झालं, की इथं समुद्रात हौसेनं गळ टाकायला परवाना लागत नाही. नदीतल्या, तळ्यातल्या ट्राउटला लागतो, समुद्राला नाही. खामगावच्या माणसाला ‘फुकट’ हा शब्द ऐकू आला की पुढचं काही ऐकू येत नाही. फुकट होता तो फक्त समुद्र. बाकी सगळं दुकानात होतं.

शिवाय अनुभवाची बाजू पाहा. आपल्या जिल्ह्यात खाऱ्या पाण्याचं नाव घेण्याजोगं तळं एकच, लोणारचं. आणि त्यात मासा जगत नसे. एवढ्या पूर्वतयारीवर यांनी थेट प्रशांत महासागराला हात घातला.

सुरुवातीला धक्क्यावर बसून बोटभर मासे धरायचे आणि सोडून द्यायचे, असं चाललं होतं. तोवर माझी तक्रार नव्हती. मग एके दिवशी शेजारच्या माणसाला किंगफिश लागलेला यांनी पाहिला. मुंबईत किंगफिश म्हणून सुरमई देतात, हा तो नव्हे. याची पाठ हिरवट-निळी, शेपूट पिवळी, आणि अंगात रग अशी की 52 किलोच्या माशाचा विक्रम याच देशाच्या पाण्यात झालेला. इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर ते मार्च, हे मासे बंदराच्या धक्क्यापर्यंत येतात. गळ लागला की तडक धक्क्याच्या खांबांकडे धावतात. दोरा खांबावरच्या शिंपल्यांना घासला की खेळ खलास. त्या रात्री हे जेवताना काही बोलले नाहीत. मी तेव्हाच ओळखलं, आता खर्च आहे.

पहिली खरेदी मला न विचारता झाली. रॉड, रीळ, दोरा, गळ, सगळं एकाच प्लास्टिकच्या पाकिटात, 59 डॉलरला. दुकानाचं नाव घेत नाही, कारण त्यांनी पाकिटावर कुठंही ‘मोठा मासा’ असं लिहिलं नव्हतं. ते यांनी मनानंच वाचलं. पहिल्या दणदणीत ओढीला रिळाच्या आतले दात कराकरा वाजले आणि हँडल दोन्ही बाजूंनी मोकळं फिरायला लागलं. मासा गेला, दोरा गेला, आणि तुमचे चिरंजीव हातात दांडी घेऊन क्षितिजाकडे पाहत उभे राहिले.

मग घरात अंदाजपत्रकी अधिवेशन भरलं. झेन ग्रे नावाचा एक अमेरिकन लेखक 1926 साली इथं मोठ्या माशांसाठी आला होता. बे ऑफ आयलंड्समध्ये बेटावर त्यानं छावणी टाकली आणि या देशाला मासेमारांची सुवर्णभूमीच म्हणून टाकलं. यांनी त्याची गोष्ट मला भारावून सांगितली. मी म्हटलं, त्याची पुस्तकं खपत होती, तुमचा पगार बँकेतून आल्याआल्या घराच्या हप्त्याला जातो. शेवटी मंजूर झाले 400 डॉलर, म्हणजे आपले साधारण 20 हजार रुपये. त्यात गळापासून सगळं. त्यावर बाबा, तुम्ही फोनवर काय म्हणालात ते आठवतं ना? ‘इतक्या पैशात तं दोन सायकली आल्या असत्या!’

पण गंमत बघा, शेवटी कामाला आलं ते तुमचं सायकलचं दुकानच. इथल्या मासेमारीच्या दुकानात जी रिळं मांडली होती, त्यांत एक नाव तुमच्या ओळखीचं निघालं: शिमानो. जपानमधल्या साकाई गावात 1921 साली हा कारखाना निघाला आणि त्याचा पहिला माल होता सायकलचं फ्रीव्हील! मासेमारीच्या सामानाकडे ते 1970 मध्ये वळले. हे कळल्यावर तुम्ही फोनवरूनच जो ताबा घेतलात, तो सुटला नाही. आणि खरंच, रीळ म्हणजे तुमच्या ओळखीचंच यंत्र आहे. हँडल एकाच बाजूला फिरतं, उलटं जात नाही: ते फ्रीव्हील. आत दातेरी चक्रं. आणि पुढं दोरा गुंडाळलेल्या वाटीवर एक गोल चकती असते, ती आवळली की दोरा जड सुटतो, सैल केली की हलका: तो ब्रेक. त्याला इथं ड्रॅग म्हणतात.

तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. दुकानदार मोठ्या अभिमानानं सांगत होता, याला दहा बेअरिंग आहेत. तुम्ही फोनवरून म्हणालात, ‘किती हायेत ते नको सांगू म्हणा, कायची हायेत ते सांग.’ दुकानदाराला मी भाषांतर करून सांगितलं, तेव्हा तो हसला आणि त्यानं काउंटरखालून दुसरी तीन रिळं काढली. पेनचं बॅटल, डाइवाचं बीजी आणि एक शिमानोचं. यांची नजर मात्र वरच्या काचेच्या कपाटात अडकली होती. तिथं शिमानोचंच स्टेला नावाचं चकाकणारं रीळ होतं, आणि त्याच्या किमतीत आमचं सगळं अंदाजपत्रक कितीदा तरी बसलं असतं. चांदीच्या बाजारपेठेत वाढलेला माणूस, नुसत्या चकाकीला भुलू नये म्हणून मी त्यांना दंडाला धरून उभी होते.

तिन्ही रिळांची तुम्ही घेतलेली परीक्षा आता इथल्या धक्क्यावर ‘खामगाव टेस्ट’ म्हणून प्रसिद्ध आहे. हँडल धरून आडवं-उभं हलवायचं, खेळ किती आहे बघायचा. कानाजवळ धरून सावकाश फिरवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक अर्धा आवळून दोरा हातानं ओढायचा. एकसारखा सुटला तर ठीक, अडकत-अडकत, हिसके देत सुटला तर खाली ठेवायचं. कारण मोठा मासा दोरा तोडतो तो जोरानं कमी आणि हिसक्यानं जास्त.

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यांचं पण सांगते. एका खोक्यावर ‘कमाल ड्रॅग 15 किलो’ होतं. हे खूश. पण 15 किलोचा ब्रेक लावून हे धक्क्याच्या कडेला उभे राहिले, तर मासा वर येण्याऐवजी हेच खाली जातील. 6-7 किलोलाच चांगल्या धडधाकट माणसाचे हात भरून येतात. त्यामुळे तो आकडा सोडून द्यायचा आणि रिळाची बॉडी धातूची आहे का ते पाहायचं. प्लास्टिकची असेल तर जोर आला की ती पिळवटते आणि आतले दात एकमेकांवरून सरकतात. 59 डॉलरच्या पाकिटात तेच झालं होतं.

शेवटी सेलमध्ये होतं म्हणून डाइवाचं घेतलं. शिमानोचं नाही घेतलं म्हणून तुम्ही दोन दिवस माझ्याशी तुटक बोललात, ते माझ्या लक्षात आहे. आणि आता मुख्य गौप्यस्फोट: यांनी तुम्हाला ‘आठ हजारचं रीळ घेतलं’ असं सांगितलं आणि तुम्ही म्हणालात, ‘मंग स्वस्तात पडलं.’ बाबा, 8000 हा रिळाचा साइज आहे. 4000 लहान, 8000 मोठं. आणि तेही कंपनीगणिक बदलतं, एकाचं आठ हजार म्हणजे दुसऱ्याचं आठ हजार असेलच असं नाही. रीळ पडलं 210 डॉलरला, म्हणजे साडेदहा हजार. हे खोटं बोलले नाहीत, फक्त ‘रुपये’ म्हणाले नाहीत.

आता काठी. इथं शनिवारी सकाळी लोक जुनं सामान घराच्या गॅरेजात मांडून विकतात. तिथं एका आजोबांकडे फायबरग्लासचा जाडजूड रॉड मिळाला. नवे ग्रॅफाइटचे रॉड हलके असतात, पण धक्क्याच्या कठड्यावर आपटले की गुपचूप तडकतात आणि ऐन वेळी मोडतात. फायबरग्लास जड, पण मार सोसतो आणि स्वस्त मिळतो. हँडलच्या वर किती किलोच्या दोऱ्यासाठी आहे ते छापलेलं असतं; यावर 10 ते 15 होतं. जरा कमी वाटला, पण रॉड काही सरळ ओढीत मोडत नाही, वाकून जोर खातो, आणि ब्रेक आपण 7 किलोच्या वर लावणारच नव्हतो.

जुन्या रॉडची गोम असते ती कड्यांमध्ये. दोरा ज्या कड्यांतून जातो, त्यांच्या आत चिनी मातीसारखी गुळगुळीत रिंग असते. तिला केसाएवढी चीर गेली तरी ती दोऱ्याला करवतीसारखी कापते, आणि चीर डोळ्यांना दिसत नाही. आई, आता रागावू नका. तुम्ही दिलेल्या वातींच्या डबीतला कापूस मी पर्समध्ये घालून नेला होता. प्रत्येक कड्यातून बोटानं गोल फिरवला. टोकाकडून तिसऱ्या कड्यात दोन तंतू अडकून राहिले. आजोबा चष्मा वर करून बघत होते. मी त्यांना तंतू दाखवले, त्यांनी 60 चे 45 केले, आणि नवं कडं आम्ही 6 डॉलरला बसवून घेतलं. खामगावच्या कापसानं ऑकलंडमध्ये 9 डॉलर वाचवले.

तिसरी गोष्ट दोरा. विणलेला दोरा घेतला, 50 पौंडाचा. तो शिवणाच्या दोऱ्याइतका बारीक दिसतो आणि 23 किलोला तुटतो. म्हणजे विमानात जेवढ्या वजनाची बॅग नेऊ देतात, बरोबर तेवढं. तो महाग असतो म्हणून वाटीच्या तळाशी साधा नायलॉनचा दोरा भरला. त्यानं दोन कामं झाली: पैसे वाचले, आणि विणलेला दोरा वाटीवर नुसताच गरगर फिरेना. वर्षभरानं हाच दोरा काढून उलटा गुंडाळायचा, म्हणजे आतला कोरा भाग वर येतो. ही युक्ती ऐकून आई, तुम्ही ‘सूनबाई, संसार जमला तुला,’ म्हणालात. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे प्रमाणपत्र दोऱ्यावरून मिळालं.

ब्रेक दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तृतीयांश ठेवायचा असतो. तो आम्ही आमच्या बोळात मोजला. बॅगा तोलायचा हुकाचा काटा तुमच्या नातीनं, सईनं दोन्ही हातांनी धरला, हे दुसऱ्या टोकाला रॉड वाकवून उभे, आणि मी भिंतीला चिकटून आकडे वाचतेय. 4 किलोला रीळ सरसर वाजलं, पुन्हा आवळलं, साडेपाच, मग 6.4 ला थांबलो. सई ओढली जाऊन चपलांच्या स्टँडवर आदळली आणि तिनं विचारलं, मी किती किलोची मासोळी?

एकूण हिशोब: रीळ 210, रॉड कड्यासकट 51, दोरे 78, गळ-भिंगऱ्या 30. गळ मात्र चांगले घेतले. थोडक्यात सांगायचं तर मासा जिथं ओढतो तिथं पैसे घालायचे, माणसं जिथं बघतात तिथं नाही. उरलेल्या 31 डॉलरांत मला काहीतरी घेऊ म्हणाले होते. आई, एक डबा आला आहे, त्यात रबरी मासे आहेत.

निगा मात्र आई, तुमच्या माहेरच्या पद्धतीनं चालली आहे. खारपाणपट्ट्यातलं पाणी पंपाचे नटबोल्ट कसे खातं ते तुम्ही सांगितलं होतंत. समुद्र तेच दहापट वेगानं करतो. घरी आलं की ब्रेक घट्ट आवळायचा म्हणजे आत पाणी शिरत नाही, मग गोड्या पाण्याची हलकी धार, जोराचा फवारा नाही. तो मीठ आत ढकलतो. पुसायचं, आणि ब्रेक सैल करून ठेवायचं. हे सगळं हे न सांगता करतात. जेवलेलं ताट उचलायला अजून सांगावं लागतं.

आणि हो, मासा लागला. गेल्या रविवारी सईच्या वाढदिवसाचा उरलेला फुगा दोऱ्याला बांधून खाली जिवंत बांगड्याएवढा मासा सोडला होता. इथं असंच करतात. फुगा एकदम पाण्याखाली गेला. रिळानं जो सूर लावला तो लावला, पण एकदाही हिसका दिला नाही. मासा खांबाकडे वळला, हे उलट्या बाजूला धावले, मी यांचा पट्टा धरला, सईनं माझा. शेवटी जाळीत आला. इथं किंगफिश तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 75 सेंटीमीटर भरला तरच ठेवता येतो. आमचा 72 भरला. हे पुन्हा मोजत होते, शेपूट ओढून पाहत होते. शेजारच्या माओरी काकांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, त्यांच्याकडे पहिला मासा समुद्रदेव टांगारोआला परत द्यायची रीतच आहे. सोडला.

बाबा, तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. नाही, ठेवता आला असता तरी विकता आला नसता. हौसेनं धरलेला मासा विकणं तर सोडाच, बदल्यात काही घेणंही इथं गुन्हा आहे. तेव्हा 369 डॉलर वसूल व्हायचा मार्ग एकच, खाणे. आणि तोही 3 सेंटीमीटरनं हुकला.

मे महिन्यात येताना तुमचे तलावावरचे जुने गळ आणणार असाल तर स्वच्छ धुऊन, वाळवून आणा आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा. वापरलेलं मासेमारीचं सामान इथं जाहीर करावंच लागतं. लोणच्याचंही तेच. दोन्ही एका पिशवीत ठेवू नका.

शेगावला गेलात तर आमचाही नमस्कार सांगा.

तुमची,
सूनबाई

ता. क. : हल्ली हे जेवताना पुन्हा गप्प असतात. काल लॅपटॉपवर ‘जुनी बोट, चालू स्थितीत’ असं काहीतरी उघडं दिसलं. फोनवर तुमच्याशी बोलताना इंजिन, पेट्रोल किंवा ‘हप्ता’ यांपैकी एकही शब्द आला, तर बाबा, लगेच मला वेगळा फोन करा. बोटीला सायकलचा एकही पार्ट नसतो, त्यामुळे तुमचा सल्ला घेता येणार नाही असं मी त्यांना आधीच सांगून ठेवलं आहे.