घोरण्यावर दोडक्याचा उतारा

"काय ओ काकू, काका भल्या पहाटे कुदळ घेऊन काय खणतायत? गुप्तधन सापडलं की काय?"

"कसलं गुप्तधन! दोडक्याचा मांडव घालायचाय. डॉक्टर म्हणाले हिंडा-फिरा. पण ह्यांना फिरायला धाडलं की स्वारी चौकात भज्यांच्या गाड्यापाशी. म्हटलं, घाम गाळायचा तो माझ्या डोळ्यांसमोर गाळा."

"पण काकांना झालंय काय? चांगले ठणठणीत तर दिसतात."

"रात्री ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"आता तुम्हीच विषय काढला म्हणून सांगते. आमचे हे म्हणतात, काकांचा ट्रॅक्टर सुरू झाला."

"तो ट्रॅक्टर मधेच बंद पडायचा, तीच तर भानगड! घोरता घोरता एकदम गप्प. मी आपली अंधारात दहा, पंधरा, वीस मोजत पडायची. मग हिसका देऊन परत घुर्रर्र! मला वाटायचं, दमलेत, गाढ झोपलेत. गाढ कसलं? घशातली वाट मिटायची, श्वास अडायचा, जीव घाबरून जाग यायची अन् त्यांना त्याचा पत्ताही नसायचा. सकाळी डोकं जड, दुपारी तोंडावर पेपर. एकदा तर करंजी घाटात गाडी चालवताना डुलकी! पोरगं शेजारी होतं म्हणून वाचलो."

"अगंबाई!"

"मग नेलं नगरला. छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकात नळी, असं रात्रभर झोपवलं. तासाला 34 वेळा श्वास अडतो म्हणाले. 5 च्या आत असावा. 30 च्या वर गेला की प्रकरण गंभीर. स्लीप ॲप्निया म्हणतात."

"म्हणजे बप्पी लाहिरी 2022 साली गेले, तेव्हा टीव्हीवर सांगत होते तेच का?"

"तेच ते."

"मग गोळ्या दिल्या का?"

"गोळ्या नाहीत, मशीन दिलंय. नाकावर मास्क लावायचा. हवेच्या दाबानं वाट उघडी राहते. सून सांगत होती, सिडनीच्या सलिव्हन डॉक्टरांनी 1981 साली हा उपाय जगापुढे आणला."

"अन् आपल्या पाथर्डीची लाईट गेली की?"

"गेलीच होती! मास्क भिरकावून उठले, अख्खं घर जागं केलं. दुसऱ्या दिवशी इन्व्हर्टर आणला."

"मशीन आहे तर मग ही कुदळ कशाला?"

"मशीन श्वास चालू ठेवतं, पोट थोडंच उतरवतं? मानेभोवती चरबी साठली की घसा आतून आवळतो. वजन 10 टक्के उतरलं तर हे अडणं साधारण पाव हिश्श्यानं कमी होतं, असं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या अभ्यासात 2000 साली दिसलं होतं म्हणे. अन् दिवसभर खुर्चीत बसलं की पायात पाणी साचतं; रात्री आडवं झालं की तेच मानेकडे सरकतं. उठबस झाली, पोटऱ्या हलल्या की साचत नाही. शिवाय सकाळचं ऊन अंगावर पडलं की रात्री डोळा वेळेवर लागतो. आता दुपारचं लोळणंही सुटलंय."

"ते खरं, पण झाडांना पाणी कुठलं घालता? जायकवाडीचं पाणी नळाला आलं की आपण आधी हंडे भरायला धावतो."

"आंघोळीचं पाणी अळूला, तांदूळ धुतलेलं मिरचीला. दोडक्याच्या बुडाशी मडकं पुरलंय. बुडाला बारीक भोक, त्यात सुती चिंधीची वात, वर झाकणी. पाणी झिरपत मुळाशी जातं, उन्हानं उडत नाही. रोज सकाळी हे झाकणी उचलून आत बोट बुडवून बघतात. तेवढ्यासाठी दहा वेळा वाकतात. वाकू देत!"

"मी रातराणीची फांदी देते, खिडकीपाशी लावा. वासानं छान झोप लागेल."

"नको गं बाई! उग्र वासानं ह्यांचं नाक चोंदतं. नाक चोंदलं की मास्क सहन होत नाही. द्यायचंच असेल तर तुझ्या बाजूचं ते गाजरगवत उपट. 1950 च्या दशकात पुण्यात दिसलं म्हणतात, आता आपल्या भिंतीला टेकलंय. त्याच्या परागांनी ह्यांच्या शिंका थांबत नाहीत. फुलायच्या आत काढ, हातमोजे घालून अन् तोंडाला फडकं बांधून."

"काढते हो. पण काकांचं घोरणं थांबलं का?"

"मशीन लावलं की थांबतं. परवा वेलाला चार फुलं दिसली तर म्हणतात, आता मशीन विकून टाकू. म्हटलं, दोडके खुशाल विका, मशीनला हात लावाल तर बघा! बाग जोडीला, मशीनच्या जागी नाही. अन् कुशीवर झोपायचं, तेही डॉक्टरांनी बजावलंय."

"काकू, एक विचारू? आमचे हे पण घोरतात. मधेच गप्प होतात तेव्हा मला वाटतं, सुटले बाई."

"अन् रोज टेम्पो घेऊन घाट उतरतात ना ते? सुटले कसलं! आज रात्री मोबाइलवर आवाज भरून घे, उद्या डॉक्टरांना ऐकव. अन् ते गाजरगवत तू नको काढूस, त्यांच्याकडूनच उपटून घे!"