सभा चालू आहे

आपला समाज उतावळा राहिलेला नाही, याची खात्री करून घ्यायची असेल तर वैनगंगेचा पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग 53 ने भंडाऱ्याहून लाखनीकडे निघावं. रस्त्यात दुचाकीवाला पडलेला असला, की पाच मिनिटांत त्याच्याभोवती सभा भरते. कोरमची अडचण कधीच येत नाही. विषय पहिला : "कोन्या गावचा होय गा?" दुसरा : चूक कोणाची? तिसरा, सर्वांत गहन : उचललं तर पोलीस आपल्यालाच धरतील काय?

या शंकेचं निरसन सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्येच केलं. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर नाव सांगण्याचीही सक्ती उरली नाही. पण कायदा न वाचता त्यावर विसंबणं बरं नव्हे, आणि वाचायचा तर आधी घरी जायला हवं. पुढे केंद्र सरकारने मदत करणाऱ्याचं बक्षीस 5 हजारांवरून 25 हजार केलं. त्यावर सभेचा प्रश्न : रक्कम करपात्र आहे काय?

एक नम्र सूचना. यापुढे प्रत्येकाने पडण्यापूर्वीच 'मला उचलण्यास माझी हरकत नाही' असं प्रतिज्ञापत्र, आधार कार्डाच्या दोन सत्यप्रतींसह, खिशात ठेवावं.

कधीकधी मात्र एखादा धानाचा ट्रॅक्टरवाला मध्येच घुसतो, काही न विचारता जखमीला घेऊन निघतो आणि रंगात आलेली सभा मोडतो. मग ठराव एकमताने मंजूर होतो : नातेवाईक असावा.

108 ला फोन करायचा राहूनच जातो. सगळे फोन चित्रीकरणात गुंतलेले असतात.