घरातली बॅटरी लागलीच पाहिजे

टॉर्च विकत घ्यायला गेलं की दुकानदार ती तोंडासमोर धरून पेटवतो आणि म्हणतो, "बघा उजेड!" उजेड दुकानात सगळ्यांचाच पडतो. घरातली बॅटरी वर्षातले बहुतेक दिवस नुसती पडून असते आणि ज्या रात्री लाईट जाते त्या रात्री ती लागावी लागते. तेवढं सोडून बाकी सगळ्या गोष्टींची जाहिरात होते, ही माझी तक्रार आहे.

सगळ्यात जास्त खपते ती मागून दोन पिना बाहेर काढून सरळ प्लगमध्ये खोचायची प्लास्टिकची टॉर्च. त्यातल्या स्वस्त मालात बहुधा ४ व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते. शिशाची बॅटरी उतरलेल्या अवस्थेत राहिली की पट्ट्यांवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि मग ती चार्ज धरत नाही. दिवाळीनंतर कपाटात ठेवलेली टॉर्च मृगाच्या पावसात काढली की ती मेलेलीच असते. प्लगला लावली तर लाल दिवा मात्र लागतो. तो दिवा वीज येतेय एवढंच सांगतो, आत काही भरतंय का ते सांगत नाही. बॅटरी बदलावी म्हटलं तर खोकं चिकटवलेलं. पन्नास पैशांचा स्क्रू वाचवून अख्खी वस्तू कचऱ्यात घालायला लावणं हा गिऱ्हाइकावर अन्याय आहे.

सेलच्या टॉर्चचं दुखणं वेगळं. साध्या सेलचं जस्ताचं भांडं हाच त्याचा एक ध्रुव, म्हणजे सेल वापरला जातो तसं भांडंच झिजतं, भोक पडतं आणि आतला मसाला पाझरतो. झाकण उघडावं तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरी साय चढलेली, सेल नळीत घट्ट बसलेला, मागून काठीने ठोकला तरी हलत नाही. अल्कलाइन सेलही विसरून राहिला की गळतो.

आणि ते आकडे! १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेलवर बिनदिक्कत ९९०० एमएएच छापतात. या मापाचा उत्तम सेलसुद्धा साधारण ३५०० च्या घरात असतो. उजेड किती लांब जातो म्हणून खोक्यावर छापलेल्या किलोमीटरचंही तेच. अमेरिकेत २००९ साली टॉर्च मोजायचं एक मानक झालं. त्यात अंतर धरतात ते उजेड पाव लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका, उरेपर्यंतचं. तेवढ्या उजेडात लांबचं झाड जेमतेम ओळखू येतं. पडवीच्या पायरीवर जनावर आहे की दोरी, हे बघायला ५०-१०० ल्युमेन पुरतात. तिथे बटण दाबल्यावर आधी झगझगीत, मग मंद, मग डोळे दिपवणारी लुकलुक असा क्रम कशाला हवा? माझ्या सासूबाईंना एका हातात काठी असते. त्यांना बटण एकदा दाबलं की उजेड आणि पुन्हा दाबलं की बंद, एवढंच हवं आहे, आणि ते मागणं अगदी रास्त आहे.

म्हणून मी दुकानात आता एकच बघते: कुठल्याही गावात मिळणारे पेन्सिल सेल त्यात बसतात का आणि ते सहज काढता येतात का. त्यात कमी उतरणारे रिचार्जेबल सेल घालावेत; वर्षभर पडून राहिले तरी त्यांच्यात बराच चार्ज उरतो आणि ते सहसा गळत नाहीत. अशी टॉर्च मागितली की दुकानदार माळ्यावर चढतो, धूळ झटकून एखादी खाली आणतो आणि सांगतो, "ताई, ही कोणी घेत नाही."