छप्पर, पेनी आणि भांडणं

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यात, हेब्डन ब्रिजच्या डोक्यावरच्या टेकडीवर हेप्टनस्टॉल नावाचं गाव आहे. तिथल्या मेथडिस्ट चर्चच्या इतिहासात चमत्कार नाही, छप्पर आहे. १७६४ साली इथे भिंती उभ्या राहिल्या, त्याही आठ. मेथडिस्ट पंथाचे जनक जॉन वेस्ली यांना अष्टकोनी प्रार्थनाघरांची भारी आवड. कोपरे आठ, पण प्रवचनात डुलकी काढायला सोयीचा एकही नाही.

आता असल्या भिंतींवर छप्पर बसवणार कोण? रॉदरहॅमला असंच एक चर्च नुकतंच झालं होतं. तिथल्याच कारागिराकडून छप्पर करून घेतलं आणि त्याचे भाग घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरवाटेने आणले, असं सांगतात. गावकरी म्हणे स्तोत्रं गात छपराला सामोरे गेले. वरात नवरदेवाची निघते, मूर्तीची निघते. वाशांची निघालेली मला तरी दुसरी ठाऊक नाही. वेस्लींना तेवढाही धीर नव्हता. त्यांनी त्याच वर्षी अर्धवट बांधकामातच प्रवचन दिलं. १७३९पासून ब्रिस्टलजवळच्या खाणकामगारांपुढे उघड्या माळावर बोललेला माणूस. त्याला छपराचं काय अप्रूप!

पुढे गर्दी मावेना. तेव्हा १८०२मध्ये एका बाजूच्या भिंती पाडून पुढे सरकवल्या. अष्टकोन लांबोडका झाला, पण मोडला नाही.

या पंथाची खरी घडी मात्र बसली ती कर्जामुळे. ब्रिस्टलच्या प्रार्थनाघराचं देणं फिटेना, म्हणून १७४२मध्ये कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थाने तोड काढली: दर माणशी आठवड्याला एक पेनी. गरिबांना कुठून झेपणार, असं कुणी म्हणताच तो म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. त्यांना नाही जमलं तर मी भरीन. मग गटाचे प्रमुख दर आठवड्याला घरोघर जाऊ लागले. पेनी मिळे न मिळे, बातम्या मात्र भरपूर मिळत. कुठे नवरा-बायकोचं वाजलेलं, कुठे कारभारी झिंगलेला. त्यातूनच एकमेकांची विचारपूस करणारे साप्ताहिक वर्ग निघाले. वसुलीला गेलेला माणूस समजूत घालून परतू लागला.

पुढे या मंडळींचंही आपसांत बिनसलं. १८०७मध्ये माउ कॉपच्या टेकडीवर दिवसभर खुली प्रार्थनासभा भरली, ती वरिष्ठांना रुचली नाही, आणि ‘प्रिमिटिव्ह’ मेथडिस्टांनी वेगळी चूल मांडली. एवढ्याएवढ्याशा गावांतही दोन-दोन चर्च झाली. १९३२मध्ये मोठ्या शाखांचं मनोमीलन झालं, तेव्हा चर्च जास्त आणि माणसं कमी, असा हिशेब निघाला. कित्येक इमारतींत आता बिऱ्हाडं आहेत.

हेप्टनस्टॉलचा अष्टकोन मात्र टिकला. त्या पेनीवरून आठवलं, आमच्या सोसायटीत गणपतीची वर्गणी हल्ली मोबाइलवरून जाते. सोय झाली, पावती लगेच येते. फक्त कुणाच्या घरात काय वाजलंय, ते क्यूआर कोडला ऐकू येत नाही. पुढच्या वर्षी मी वर्गणी रोखीने देणार आहे. सेक्रेटरीला जिना चढून येऊ दे.