सरासरीकाका

महाडच्या एस.टी. स्टँडजवळच्या टपरीवर सकाळी सव्वानऊला, शेअर बाजार उघडताच, जो माणूस समोरचा चहा गार होऊ देतो, तो सरासरीकाका. नाव काहीही असो. एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीतून निवृत्ती, हातात फंडाचा पैसा, मुलगा ठाण्याला आणि त्याने घेऊन दिलेला मोठ्या पडद्याचा मोबाइल, एवढं जमलं की हा माणूस आपोआप तयार होतो. पोलादपुरातही एकदोन आहेत. तिकडे रेंज कमी, म्हणून नुकसानही कमी.

मोबाइलवर भावाच्या सरासरीच्या तीन रेघा. हिरवी वीस दिवसांची, निळी पन्नासची, लाल दोनशेची. पन्नासची दोनशेला छेदून वर गेली की गोल्डन क्रॉस, म्हणजे घ्या; खाली गेली की डेथ क्रॉस, म्हणजे विका. कुणी नुसतं "काका, बरं आहे ना?" विचारलं तरी उत्तर येतं, "दोनशेच्या वर आहे तोवर बरंच."

शिकवायची हौस दांडगी. कंडक्टरने दिलेल्या तिकिटाच्या पाठीवर ते मांडून दाखवतात: पाच दिवसांचे भाव १००, १०२, १०४, १०६, १०८. सरासरी १०४. सहाव्या दिवशी भाव धाडकन ९० वर. आता पहिला १००चा दिवस गळतो, ९०चा आत येतो, सरासरी १०२. "बघ, भाव अठरा रुपयांनी पडला, रेघ दोनच रुपयांनी हलली. याला म्हणतात स्थैर्य!" ऐकणाऱ्या पोराच्या मनात येतं, अठरा रुपये तर खिशातून गेले ना! पण वडीलधाऱ्यांना कोण बोलणार?

बाजार एका दिशेने चालला की काकांचा रुबाब बघावा. चहाचे पैसे दुसऱ्याला देऊ देत नाहीत. पण बाजार बहुतेक वेळा एकाच जागी घुटमळतो. मग रेघ सोमवारी म्हणते घ्या, बुधवारी म्हणते विका, शुक्रवारी पुन्हा घ्या. काका आज्ञाधारक. दर खेपेला थोडा तोटा, वर दलाली, वर कर. २०२०च्या मार्चमध्ये निफ्टी ७,५११ पर्यंत घसरला होता. दोनशेच्या रेघेने काकांना "आता या" म्हणेपर्यंत तो दहा हजारांच्या पलीकडे गेलेला. "सुरक्षित घेतला," काका म्हणाले. हे मात्र खरं, की त्या रेघेनेच त्यांना नंतरची तेजी शेवटपर्यंत धरायला लावली. नाहीतर आमच्यासारखे पहिल्या नफ्याला विकून वडापाव खायला मोकळे.

२०२४ मध्ये बाजार नियामक सेबीने सांगितलं, की तीन वर्षांत वायदेबाजारातल्या शंभरातल्या त्र्याण्णव किरकोळ ट्रेडरांना तोटा झाला, सरासरी दोन लाखांच्या आसपास. काकांनी बातमी दोनदा वाचली आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे आपण सरासरीच्या खालीच आहोत."

काकूंचं माहेर पोलादपूरचं. सावित्री महाबळेश्वरला उगवते, पोलादपूर करून महाडला येते. त्यामुळे जुलैत झड लागली की काकू भावाला फोन लावतात, "दादा, तिकडे पाणी कुठवर?" आणि उत्तर ऐकून तांदळाचे डबे माळ्यावर चढवायला लागतात. २०२१च्या २२ जुलैला महाडची बाजारपेठ बुडाली, त्याच्या आधीही त्यांनी असेच डबे चढवले होते. काका तेव्हा गेल्या आठवड्याच्या पावसाची सरासरी काढून "इतकं काही होत नाही" म्हणत होते. त्यांचा चार्जर वाहून गेला, तांदूळ राहिला.

तेव्हापासून काका कधीकधी विचारात पडतात. परवा जेवताना म्हणाले, "तुझं बरं आहे. पाण्याला पोलादपूर आहे. निफ्टीला पोलादपूर कुठाय?"

"अमेरिकेत," काकू ताक ओतत म्हणाल्या. "मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून काय बघता?"

"डाऊ."

"मग? काय म्हणतो तो?"

"त्याचीही सरासरीच बघतो मी."