उतरण्याचा दर

प्रवासास निघालेल्या मनुष्यास उपदेश करण्याचा अधिकार आपल्याकडे सर्वांनाच असतो, आणि ज्यांनी तो मुलूख कधी पाहिलेला नाही त्यांना तो किंचित अधिक असतो. आम्ही उभयता कैरोस जाणार ही वार्ता आळीत पसरल्यापासून निघण्याच्या दिवसापर्यंत जे हितचिंतक घरी येऊन गेले, त्यांतील एकाने तेथील पाणी पिऊ नये असे बजावले, दुसऱ्याने तेथील उन्हात डोके उघडे ठेवू नये असे सांगितले, आणि तिसऱ्याने, स्वर कमालीचा खाली आणून, ममीचा शाप बाधतो म्हणून तूतनखामेनच्या आसपासही फिरकू नये असा सल्ला दिला. १९२२ साली ती कबर ज्याने शोधून काढली तो हॉवर्ड कार्टर १९३९ पर्यंत सुखेनैव जगला, ही गोष्ट मी त्यांच्या निदर्शनास आणली, तेव्हा "शापालासुद्धा अंमलबजावणीला वेळ लागतोच की!" असे उत्तर मिळाले, ज्यांची हयात सरकारी कचेरीत गेली आहे त्यांच्याशी या मुद्द्यावर वाद घालता येत नाही. आमच्या एका मामांचे म्हणणे तर याहूनही व्यवहार्य होते. बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीपासून एक अस्सल मिसरी ममी आहे, ती सकाळी पाहून रात्रीच्या गाडीने परत येता येत असताना एवढा खर्च कशासाठी, हा त्यांचा प्रश्न अद्याप अनुत्तरित आहे.

या सर्व उपदेशांत जी एकच गोष्ट कोणी सांगितली नाही, तीच पुढे जाणाऱ्यांसाठी येथे नमूद करून ठेवतो. मिसर देशात कशाचाही भाव ठरलेला नसतो, तो ठरवावा लागतो. आणि हा कायदा केवळ बाजारातील पितळी दिव्यांना व अत्तराच्या कुप्यांना लागू नसून रस्ते, उंट, स्मारके आणि खुद्द काळ यांनाही सारखाच लागू आहे.

रस्त्यापासूनच प्रारंभ करू. दोन कोटींहून अधिक वस्तीच्या या महानगरात वाहतुकीचे नियम नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल; ते आहेत, परंतु प्रत्येक वेळी ते नव्याने ठरतात. पादचाऱ्याने एक पाऊल पुढे टाकून आपला प्रस्ताव मांडावयाचा, मोटारवाल्याने भोंगा वाजवून तो फेटाळावयाचा, पादचाऱ्याने नजर न हलविता आणखी अर्धे पाऊल टाकावयाचे, आणि मग वेग किंचित कमी करून मोटारवाल्याने जी हातभर जागा देऊ केली असेल तीत समाधान मानून पुढील मोटारीशी नव्याने बोलणी सुरू करावयाची, असा तो क्रम आहे. हा क्रम ज्यांना साधत नाही त्यांनी तहरीर चौकात सरळ जमिनीखाली उतरावे. तेथे भुयारी रेल्वेचे 'सादात' नावाचे स्थानक आहे, आणि त्याच्या बोगद्यांतून चौकाच्या कोणत्याही बाजूस जिवंत बाहेर पडता येते. ही रेल्वे १९८७ साली सुरू झाली व आफ्रिका खंडातील ती पहिली होय, अशी माहिती मार्गदर्शक पुस्तकांत सापडते. ती रस्ता ओलांडण्याच्या कामी अधिक उपयोगी आहे, ही माहिती सापडत नाही.

गीझाचे पिरॅमिड वाळवंटाच्या गाभ्यात असतील या कल्पनेने जे जातात त्यांची पहिली निराशा अशी की शहर त्यांच्या पायथ्यापर्यंत येऊन ठेपले आहे. दुसरी निराशा मात्र होत नाही. खूफूचा महापिरॅमिड जवळून पाहिला म्हणजे सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी, अदमासे तेवीस लक्ष दगड रचून, प्रत्येक बाजू सुमारे २३० मीटर लांबीची अशी ही वास्तू मनुष्यांनी उभी केली, हे बुद्धीस पटते पण डोळ्यांस पटत नाही. प्राचीनांनी जगातील जी सात आश्चर्ये गणली त्यांपैकी आज उभे असलेले हे एकच. बाकीच्या सहांची चित्रे पाहूनच संतोष मानावा लागतो.

आत जाण्याचे तिकीट निराळे पडते. ते काढावे की काढू नये याविषयी मतभेद आहेत. ज्यांची कंबर शाबूत आहे त्यांनी काढावे, आणि ज्यांना ती तशी आहे की नाही याचा निर्णय करावयाचा आहे त्यांनीही काढावे. चढत्या वाटेची उंची जेमतेम सव्वा मीटर, त्यामुळे सर्व धर्मांचे, पंथांचे आणि हुद्द्यांचे लोक एकाच नम्र आसनात, घामाने निथळत, पुढल्याच्या पाठीकडे दृष्टी लावून चढत असतात. मग एकाएकी साडेआठ मीटर उंचीची ती विख्यात दीर्घ दालनवाट येते, माणूस सरळ उभा राहतो, आणि तिच्या माथ्यावर, आस्वानहून नाईल नदीतून आणलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या दालनात, एक दगडी शवपेटी दृष्टीस पडते. पेटीस झाकण नाही, आत काही नाही, भिंतींवर एक चित्र नाही की अक्षर नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्या पेटीत डोकावून पाहिले, चारी भिंतींवरून नजर फिरविली, आणि "अहो, मग सामान कुठे आहे?" असा प्रश्न केला. हाच प्रश्न नवव्या शतकात खलिफा अल-मामून याच्या माणसांना पडला होता असे म्हणतात. प्रवासी आज ज्या वाटेने आत शिरतात ते भुयार त्यांनीच खोदले अशी परंपरा आहे.

आमच्याबरोबरच्या मंडळींत एक सेवानिवृत्त मामलेदार होते, त्यांना सर्वजण रावसाहेब म्हणत. त्यांनी आत येण्याचे नाकारले, कारण निष्कारण वाकण्याचे दिवस नोकरीबरोबर संपले असे त्यांचे मत होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते एका उंटावर विराजमान होते. झाले होते ते असे: एका उंटवाल्याने त्यांना पाहताच "इंडिया? अमिताभ बच्चन!" अशी आरोळी दिली (मिसर देशात भारतीयाचे ओळखपत्र म्हणून हे नाव पारपत्रापेक्षा अधिक चालते), अमिताभच्या देशबांधवाकडून पैसा घेणे हे पातक होय असे हातवाऱ्यांनी सांगितले, आणि रावसाहेबांना विनामूल्य उंटावर चढविले. उंट उठताना प्रथम मागले पाय उचलतो, त्यामुळे स्वारास पुढे झुकून वंदन करावे लागते. तेवढे वाकणे त्यांच्या नशिबी आलेच. फेरी झाली, छायाचित्र झाले, आणि रावसाहेबांनी खाली उतरण्याची इच्छा दर्शविताच उंटवाल्याने एक आकडा सांगितला.

"पण हे फुकट ठरलं होतं!" रावसाहेब वरून गरजले.

"अप, फ्री," उंटवाला अत्यंत शांतपणे म्हणाला. "डाऊन, मनी."

उभ्या जिल्ह्यातील थकबाकीदारांवर जप्त्या आणणारा हा गृहस्थ जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंचीवर स्वतःच जप्त होऊन बसला होता, आणि कराराचा मूळ मजकूर तपासला असता उंटवाल्याची बाजू निर्दोष होती, हे त्यांच्यातील महसुली अंमलदारास सर्वप्रथम उमगले. तडजोड झाली, आकडा निम्म्यावर आला, उंट बसला. "लेखी घ्यायला हवं होतं," एवढेच ते सायंकाळपर्यंत बोलत होते. सबब, उंटाचा भाव ठरवावयाचा तो चढणे, फिरणे, थांबणे आणि उतरणे या चारही बाबी धरून, आणि पाय जमिनीवर असताना.

रावसाहेबांचे सांत्वन व्हावे म्हणून मी त्यांना तिसऱ्या, म्हणजे मेन्कौरेच्या पिरॅमिडाकडे नेले, कारण याच ठिकाणी त्यांच्याहून फार मोठा एक पुरुष याच व्यवहारात फसला होता. सुलतान सलाहुद्दीनचा पुत्र अल-अझीझ उस्मान याने ११९६ साली पिरॅमिड पाडून टाकण्याचे फर्मान काढले, आणि शहाण्या माणसाने करावे त्याप्रमाणे सर्वांत लहानापासून आरंभ केला. पाथरवट आले, मजूर आले, तळ पडला, पहारी, दोर आणि पाचरी यांचा संभार जमला. आठ महिने काम चालले, आणि दिवसाकाठी एक किंवा फार तर दोन दगड निघू लागले. वरून सुटलेला दगड वाळूत इतका खोल रुते की त्याला बाहेर काढण्याचे काम पुन्हा वेगळे. अखेर हिशेब पाहता असे दिसून आले की ही वास्तू पाडण्यास जवळजवळ ती बांधण्याइतकाच खर्च येणार! सुलतानाने तळ उठविला. उत्तर बाजूस पडलेली ती उभी खाच आजही स्वच्छ दिसते. रावसाहेबांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "म्हणजे यांनाही उतरण्याचाच दर आडवा आला." त्यानंतर त्यांची वृत्ती पुष्कळच प्रसन्न झाली.

पिरॅमिड कालावर मात करून उभे आहेत, असे जे आपण शाळेपासून वाचीत आलो, त्याला माझ्या मते एवढी दुरुस्ती अवश्य आहे की त्यांना वाचविण्यात अंदाजपत्रकाचा हात फार मोठा आहे. जो दगड काढणे परवडत होते तो लोकांनी मुळीच ठेवलेला नाही. महापिरॅमिडावर तूराच्या खाणीतील शुभ्र चुनखडीचे गुळगुळीत आवरण होते; १३०३ च्या भूकंपाने ते खिळखिळे झाले आणि कैरोच्या बांधकामांसाठी गाड्या भरभरून गेले. मूळची सुमारे १४६ मीटरांची उंची आज १३८ च्या आसपास भरते. ते आवरण कसे असेल हे पाहावयाचे तर शेजारच्या खाफ्रेच्या पिरॅमिडाचा शेंडा पाहावा. तेथवर चढून काढणे कोणास परवडले नाही, म्हणून तेवढे राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात महंमद अली पाशाच्या मनात नाईलवरील बंधाऱ्यासाठी पिरॅमिडांचे दगड वापरावेत असे आले, तेव्हा लिनां नावाच्या फ्रेंच अभियंत्याने खाणीतून नवा दगड काढणेच स्वस्त पडते असे आकड्यांनिशी दाखवून दिले. जगातील थोर थोर कवींनी पिरॅमिडांवर काव्ये रचली असतील. पण पिरॅमिडांच्या अंगी लागले ते लिनांचे कोष्टक.

येथील हिशेबाची परंपरा, पाहू गेल्यास, पायाभरणीपासूनची आहे. हिरोडोटस येथे आला तेव्हा त्याच्या दुभाष्याने पिरॅमिडावरील लेख वाचून दाखविला आणि मजुरांच्या मुळ्यांवर, कांद्यांवर व लसणीवर सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाल्याचे त्यात नमूद आहे असे सांगितले. दुभाष्यास तो लेख वाचता येत होता की नाही याबद्दल विद्वान साशंक आहेत. मला शंका नाही. त्याच्याच वारसाने आम्हांस स्फिंक्सचे नाक नेपोलियनच्या तोफेने उडविले असे सांगितले, आणि नेपोलियनच्या जन्मापूर्वी, १७३७ साली, नॉर्डन नामक डेन्मार्कच्या प्रवाशाने काढलेल्या चित्रातही ते नाक नाही असे मी म्हणताच, "दुसरा नेपोलियन," असे उत्तर देऊन तो पुढे चालू लागला. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ येथे मात्र अस्सल दफ्तर सापडले. मेरर नावाच्या एका कामगारप्रमुखाची ती रोजनिशी. हाताखाली चाळीसेक माणसे, काम एवढेच की तूराहून चुनखडी नावेत भरावी आणि गीझास पोहोचवावी. आज भरले, आज निघालो, आज मुक्काम, आज पोहोचलो. जगातील सर्वांत विशाल वास्तू डोळ्यांदेखत वर चढत असताना या गृहस्थाने तिच्या भव्यतेविषयी एक अवाक्षर लिहिलेले नाही! रावसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते गहिवरून म्हणाले, "चांगला कारकून होता हो."

खाण्याची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. भात, मसूर, शेवया, मॅकरोनी व हरभरे एका वाडग्यात घालून वर टोमॅटोचा आंबट रस आणि तळलेला कांदा पेरतात, त्यास कोशरी म्हणतात. तिचा पहिला घास संशयाने घेतला जातो, दुसरा वाडगा निःसंशयपणे मागविला जातो.

शेवटी सलाहुद्दीनच्या किल्ल्यावर जावे. तेथे महंमद अली पाशाची मशीद आहे, आणि तिच्या प्रांगणात एक नक्षीदार मनोरा असून त्यावर एक घड्याळ आहे. लक्झोरच्या देवळापुढील तीन हजार वर्षांहून जुन्या दोन दगडी स्तंभांपैकी, तेवीस मीटर उंचीचा आणि सव्वादोनशे टनांहून जड असा एक स्तंभ पाशाने फ्रान्सला देऊन टाकला. १८३६ मध्ये तो पॅरिसच्या मुख्य चौकात उभा राहिला व अद्याप उभा आहे. त्याची परतफेड म्हणून फ्रान्सच्या राजाने पुढे काही वर्षांनी हे घड्याळ धाडले. आम्ही गेलो तेव्हा ते बंद असण्याबद्दल प्रसिद्ध होते. जेथे दोन-अडीच मीटरांवरून खाली उतरण्याचेही पैसे पडतात, त्या देशाच्या इतिहासात एवढा मोठा सौदा भाव न करता कसा पार पडला असेल, याचा विचार करीत आम्ही त्याखाली उभे होतो. रावसाहेब पावतीविषयी काही पुटपुटत होते.

तेवढ्यात एक पहारेकरी पुढे आला, घड्याळाकडे बोट दाखवून त्याने त्याचा वृत्तांत दोन वाक्यांत आटोपला, आणि बक्षिसासाठी हात पुढे केला.

"चालू झालं की देते म्हणावं," सौभाग्यवती म्हणाल्या.

मराठी त्याला कळली असण्याचा संभव नाही. पण त्याने एकवार वर घड्याळाकडे पाहिले, एकवार त्यांच्याकडे पाहिले, मनापासून हसला, आणि हात होता तसाच पुढे ठेवला.